आधी घराचं वेळापत्रक, मग कॅमेरा

मराठवाड्याचे म्हणून जे फोटो वर्तमानपत्रांतून फिरतात ते आपल्याला पाठ झालेत. भेगाळलेली जमीन, कोरड्या विहिरीत वाकून पाहणारी पोरं, टँकरभोवतीची झुंबड. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला आली तेव्हा तर कुठकुठचे कॅमेरे इथे येऊन गेले. त्यांनी काढलं ते खोटं नव्हतं. पण पाहुण्याला दोन दिवसांत जेवढं दिसतं तेवढंच त्यात होतं. शिरूर अनंतपाळ तालुक्यातल्या एखाद्या घरात दिवस उजाडताना चुलीपुढे काय चालतं, गव्हाणीत कडबा पडला की बैल मान कशी वळवतो, सोयाबीनची रास अंगणात आली की ओसरीतला उजेड कसा पिवळसर होतो, हे टिपायचं तर त्या घरात राहावं लागतं.

तुम्ही राहता. शिवाय बहुतेकांच्या खिशात बरा कॅमेरा असलेला फोन आहे. तरीही फोटोग्राफी शिकायची म्हटलं की आपली मंडळी गाडीला किक मारून उदगीरच्या किल्ल्याकडे नाही तर खरोशाच्या लेण्यांकडे निघतात. जावं, जागा चांगल्या आहेत. पण तिथे तुम्हीही पाहुणेच असता. दुपारी बाराला पोहोचता, बाराच्या उन्हात जे मिळेल ते काढता आणि परत फिरता. माझा सल्ला उलटा आहे. पहिलं वर्ष घर, अंगण, गोठा आणि शेत एवढ्यातच काढा.

यात काटकसरीपेक्षा मोठं कारण आहे. फोटोत निम्मं काम उजेड करतो आणि उजेड वेळेवर अवलंबून असतो. घरातल्या माणसाला वेळ माहीत असते आणि आज हुकलं तर उद्या तीच वेळ पुन्हा येते. ही सोय मोठमोठ्या छायाचित्रकारांना पैसे खर्चूनही मिळत नाही. प्रागचे योसेफ सुदेक १९४० ते १९५४ अशी चौदा वर्षं आपल्या स्टुडिओच्या खिडकीचे फोटो काढत राहिले. काचेवरचं दव, पलीकडचं वाकडं झाड, चौकटीत ठेवलेला पेला, एवढंच. पहिल्या महायुद्धात त्यांचा उजवा हात गेला होता. अवजड कॅमेरा ते एकाच हाताने सांभाळत. आपल्याकडचं उदाहरण हवं असेल तर कणकवलीचे इंद्रजित खांबे यांचं काम शोधून पाहा. कुठल्याही कला महाविद्यालयात न जाता त्यांनी फोटोग्राफी शिकून घेतली आणि सिंधुदुर्गातलंच रोजचं जगणं, दशावतारी नट, घरचं वातावरण असे विषय धरले. कोल्हापूरच्या तालमीतल्या पैलवानांचे त्यांनी फोनवर काढलेले फोटोही गाजले.

तर सुरुवात कॅमेऱ्याने करू नका. बहुतेक घरांत भिंतीवर कालनिर्णय असतं आणि त्याच्या चौकटींत दुधाचा हिशेब लिहिलेला असतो. त्याच चौकटीत आठवडाभर उजेडाचा हिशेब लिहा. ऊन उंबऱ्यावर किती वाजता येतं, देवघरापर्यंत पोहोचतं का, गोठ्यात कुठल्या फटीतून शिरतं, संध्याकाळी शेवटचं ऊन कुठल्या भिंतीवर थांबतं. आपल्या भागात मे महिन्यात सूर्य पावणेसहाच्या सुमारास उगवतो, जानेवारीत सात वाजत येतात. म्हणजे उन्हाळ्यात जे दृश्य धारा काढताना दिसतं, ते हिवाळ्यात मुलं शाळेच्या तयारीत असताना दिसेल. दर दोन महिन्यांनी ही नोंद नव्याने करावी लागते.

घरातला उजेड

तुमचं घर जुनं, माळवदाचं असेल तर तुम्ही भाग्यवान आहात. पाहुण्यांसमोर त्याची लाज वाटत असेल तर फोटोपुरती तरी ती सोडा. कडीपाटाचं छत, त्यावर मातीचा जाड थर आणि मधोमध उजेडाला व धुराला ठेवलेलं साणं. दगडमातीच्या जाड भिंतींमुळे आत अंधार आणि त्या अंधारात वरून एकच तिरीप. शहरातले फोटोग्राफर असा उजेड मिळावा म्हणून काळे पडदे बांधतात, दिवे भाड्याने आणतात.

साण्यातून पडणारा कवडसा दिवसभर चालत असतो. सकाळी सूर्य पूर्वेला, म्हणून तो पश्चिमेच्या भिंतीवर उंच दिसतो. ऊन चढेल तसा खाली उतरतो, जमिनीवर येतो आणि दुपारनंतर पूर्वेकडे सरकतो. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेला कललेला असतो, तेव्हा कवडसा उत्तरेच्या अंगाला पडतो. आपण साधारण साडेअठरा अंश अक्षांशाच्या जरा अलीकडे आहोत, त्यामुळे १४ मेच्या आसपास आणि पुन्हा जुलैच्या अखेरीस सूर्य दुपारी बरोबर डोक्यावर येतो. सावली पायाखाली जाते आणि कवडसा थेट साण्याच्या खाली पडतो. जुलैत ढग असतात, पण मे महिन्यातला हा दिवस चुकवू नका. त्या कवडशात पाण्याची कळशी ठेवून पाहा, छतावर पाण्याचा उजेड हलताना दिसेल.

आता चुलीकडे या. धूर फोटोत का येत नाही अशी तक्रार बरेच जण करतात. धूर दिसायला दोन गोष्टी लागतात. उजेड धुराच्या मागून किंवा बाजूने आला पाहिजे आणि धुरामागे काळोख पाहिजे. म्हणजे साण्याची तिरीप तुमच्या पाठीशी असेल तर धूर दिसणारच नाही. तिरीप समोरून किंवा कडेने येईल अशा ठिकाणी सरका आणि मागे भानवसापलीकडची काजळलेली भिंत येऊ द्या. साणं मात्र चौकटीत घेऊ नका, नाहीतर सगळ्यावर पांढरं पटल येतं.

एवढं करूनही फोन घोटाळा करतो. फोनचा कॅमेरा समोरच्या सगळ्या चौकटीची सरासरी काढतो आणि ती मध्यम उजळ करायला पाहतो. अंधाऱ्या खोलीत तो अंधारच उजळवतो, मग कवडसा फट्ट पांढरा होतो आणि काजळी राखाडी दिसते. उपाय सोपा आहे. पडद्यावर उजळ भागाला बोट लावा. सूर्याचं चिन्ह येतं ते बोटाने खाली ओढा. खोली तुमच्या डोळ्यांना जेवढी अंधारी दिसते तेवढी होईपर्यंत ओढत राहा. या एका सवयीने घरातले निम्मे फोटो सुधारतात. पंधरा हजारांच्या आणि सत्तर हजारांच्या फोनमध्ये या बाबतीत फारसा फरक नाही. आणि हो, स्वयंपाकघरातला एलईडी बल्ब बंद करा. विस्तवाचा तांबूस उजेड, आकाशाचा निळसर उजेड आणि बल्बचा तिसराच रंग, तिन्ही एकत्र आले की माणसाचा चेहरा आजारी दिसतो.

घर स्लॅबचं किंवा पत्र्याचं असेल तर दार हेच तुमचं साणं. माणसाला उंबऱ्याच्या आत दोन-तीन हातांवर, अंगणाकडे तोंड करून बसवा आणि तुम्ही बाहेर, दाराच्या कडेला उभे राहा. चेहऱ्यावर मऊ उजेड येतो आणि मागची खोली आपोआप काळी होते. दुपारी, जेव्हा अंगणात डोळ्यांच्या खोबणी काळ्या दिसतात, तेव्हा ओसरीत उलट छान उजेड असतो. अंगणातलं ऊन जमिनीवर आपटून ओसरीत येतं आणि खालून वर चेहऱ्यावर पडतं. सारवलेल्या अंगणातून हा उजेड उबदार, मातकट येतो. सिमेंटच्या कोब्यावरून जास्त येतो, पण पांढरट. पत्र्याच्या छताला खिळ्यांची भोकं असतील तर त्यांचे कवडसे जमिनीवर गोल गोल पडतात. ते गोल भोकाच्या आकाराचे नसतात, प्रत्येक गोल म्हणजे सूर्याची प्रतिमा असते. खंडग्रास ग्रहणात त्या गोलांच्या कोरी होतात.

भाकरी

एक विषय धरून खोल जायचं असेल तर भाकरी धरा. रोज होते, एकाच जागी होते, तीच माणसं करतात. फोटो शिकायला याहून चांगला वर्ग नाही.

पहिल्या दिवशी आजी पदर सावरते आणि म्हणते, “काय रे लेकरा, भाकरीचा काय फोटो काढूलालास?” मग ताठ बसते. तो फोटो काढा, कारण तिला तो हवा असतो. दुसऱ्या दिवसापासून नुसतं शेजारी बसा, कधी काढा, कधी काढू नका. घरच्यांना आधी गंमत वाटते, नंतर कटकट वाटते, मग ते कॅमेरा विसरतात. खरं काम तिथून पुढे सुरू होतं.

आता क्रम पाहा. काठवटीत पीठ मळून उंडा होतो. थापताना भाकरी फिरत राहते आणि उजव्या हाताची बोटं कडेने चालतात. तव्यावर टाकली की वरून पाण्याचा हात फिरतो. उलटते, मग चुलीच्या तोंडाशी विस्तवाला लावली जाते आणि तिथे टम्म फुगते. फुगलेली भाकरी दोन-चार सेकंदच तशी राहते. तिच्यासाठी आधीच तयार राहावं लागतं. फोन आडवा धरा, चुलीच्या तोंडावर फोकस लावून बोट दाबून धरा म्हणजे तो तिथेच थांबतो आणि वाट पाहा. थापण्याच्या वेळी उजेड बाजूने, दारातून यायला हवा, तरच पिठावर उमटलेले बोटांचे ठसे सावलीने उठून दिसतात. समोरून फ्लॅश मारलात तर भाकरीचा नुसता पांढरा गोळा होतो. फ्लॅश एकदाचा बंद करून टाका आणि विसरा.

हात स्पष्ट हवेत की हलते? दोन्ही बरोबर आहे, पण ठरवून. फोनच्या प्रो मोडमध्ये शटरचा वेग १/२५० सेकंद ठेवला तर हात थिजतात. १/१५ ठेवून फोन पाटावर टेकवला तर बाई स्थिर आणि हात पिसासारखे पुसट येतात. वेग वाढवला की उजेड कमी पडतो, मग आयएसओ वाढवावा लागतो आणि फोटो दाणेदार होतो. घरगुती अंधारात दाणे येणारच. दाण्यांनी फोटो बिघडत नाही, चुकीच्या क्षणी काढल्याने बिघडतो.

झूमबद्दल एवढंच: चिमटीने झूम करू नका, दोन पावलं पुढे जा. ०.६ असं लिहिलेल्या रुंद भिंगाने जवळचा चेहरा घेऊ नका, नाक फुगतं. पोर्ट्रेट मोड मागचं सगळं पुसून टाकतो. घराच्या फोटोत मागचं तर हवंच असतं. उतरंड, देवळीतली चिमणी, खुंटीवरची टोपी यांना पुसून उरतं काय?

गोठा

आपल्या भागात उजेड-काळोखाचा हिशेब शिकवायला देवणी जात पुरेशी आहे. शेजारच्या देवणी तालुक्याच्या नावाची ही गुरं. अंग पांढरं आणि तोंडाचा काही भाग काळा असला तर वानेरा, पांढऱ्या अंगाला खालच्या बाजूने काळे ठिपके असले तर बालंक्या, पांढऱ्यावर काळे धब्बे विस्कटलेले असले तर शेवरा. आता या जनावराचा भर उन्हात फोटो काढा. पांढऱ्यावर केस दिसत नाहीत, काळ्यात डोळा हरवतो. तोच बैल सकाळी ऊन अंगणात यायच्या आधी किंवा लिंबाच्या गर्द सावलीत उभा करा, दोन्ही रंग सांभाळले जातात. उन्हातच काढायचा असेल तर पांढऱ्याला सांभाळा, काळं गेलं तर जाऊ द्या. म्हशीचं उलटं असतं. चौकटभर म्हैस घेतली की फोन तिला राखाडी करतो, म्हणून सूर्याचं चिन्ह खाली ओढा. नांदेडकडच्या लाल कंधारीला संध्याकाळचं ऊन मानवतं, तिचा गडद लाल रंग तेव्हाच फोटोत खुलतो.

जनावराचा फोटो उभ्याने काढला की पाठ दिसते. गव्हाणीजवळ उकिडवे बसा, डोळ्याला डोळा येऊ द्या. जनावराचा डोळा स्पष्ट असला की बाकी थोडं हललं तरी चालतं. मागच्या पायांच्या टप्प्यात जाऊ नका हे शेतकऱ्याच्या पोराला सांगायला नको, पण डोळ्यापुढे फोन आला की तोही विसरतो. व्यायलेल्या गाईजवळ तर मुळीच नको.

शिवारात

सोयाबीनची मळणी सुरू झाली की धुराळा उठतो. चुलीच्या धुराचाच नियम इथेही लागू: धुराळ्यामागून ऊन आलं पाहिजे. संध्याकाळी पाचच्या पुढे, सूर्याकडे तोंड करून, पण सूर्य एखाद्या माणसाच्या किंवा पोत्यांच्या थप्पीच्या आड ठेवून काढा. मळणी यंत्राजवळ उपरणं, ओढणी, गळ्यात लोंबणारी कॅमेऱ्याची पट्टी चालत नाही. चांगला फोटो हुकला तरी पुढच्या साली रास होणारच आहे.

येळवस मात्र वर्षातून एकदाच येते. ही मार्गशीर्षातली वेळ अमावस्या लातूर, धाराशिव आणि नांदेडच्या काही भागात जशी होते तशी बाकी महाराष्ट्रात फारशी होत नाही. बाहेरच्या फोटोग्राफरना अजून तिचा फारसा पत्ताही नाही, म्हणजे हा विषय तुमचाच. कडब्याची कोप, तिच्यात चुन्याने रंगवलेले पांडवांचे दगड, भज्जी, आंबील, उंडे, रानात बसलेल्या पंगती. सगळे जण पंगतीचा फोटो काढतात, तो एक काढून ठेवा. पण त्याआधीच्या दिवसाकडे लक्ष द्या. घरात रात्रभर चालणारी तयारी, आंबिलीचं मडकं, भज्जीसाठी निवडून ठेवलेल्या शेंगा आणि भाज्यांचे ढीग, पहाटे डोक्यावर टोपली घेऊन निघालेली आई. कोपीच्या आत शिरून पाहा. कडब्याच्या धाटांमधून उन्हाच्या बारीक रेघा आत येतात आणि आतल्या माणसांच्या अंगावर पट्टे पडतात. तिथे रेघा पडलेल्या जागेवर बोट लावून उजेड कमी करा. आंबील शिंपडत शेताला फेरी मारणाऱ्यांच्या मागे पळू नका. बांधाच्या वळणावर आधी जाऊन थांबा आणि त्यांना तुमच्याकडे येऊ द्या. संध्याकाळी कुठे पेटती पेंढी फिरवत असतील तर आकाशात अजून निळाई आहे तोवरच काढा. पूर्ण अंधार झाला की नुसता जाळ उरतो, माणूस दिसत नाही.

गावाबाहेर पडायचंच झालं तर आपल्याच तालुक्यातल्या उजेड गावची जानेवारीतली यात्रा आहे. देवाऐवजी महात्मा गांधींच्या नावाने भरणारी ही यात्रा. तिथेही पाळण्यांच्या आधी घरी पाहुणे कसे उतरतात, अंथरुणं कशी पडतात ते काढा.

पाडण्याआधी

हा भाग सगळ्यांनी वाचावा, ज्यांना फोटोग्राफीची हौस नाही त्यांनीही.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. दगडमातीच्या भिंती आणि वरचं माळवदाचं ओझं हेच बऱ्याच घरांत जिवावर उठलं. त्यानंतर या पट्ट्यात जुन्या घराची धास्ती बसली ती रास्तच आहे. जुनी घरं उतरवून स्लॅब पडतायत, पडू देत. माणसाच्या जिवापुढे तुळईचं कौतुक नको. पण कुदळ लागण्याआधी दोन सकाळी त्या घराला द्या.

बडोद्याचे चित्रकार ज्योती भट्ट १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून गुजरात, राजस्थानातल्या खेड्यांत हिंडले आणि भिंतींवरची, अंगणातली चित्रं कॅमेऱ्यात नोंदवत राहिले. त्यातल्या कितीतरी भिंती आज नाहीत. आपल्याला एवढं हिंडायचं नाही, एकच घर आहे. प्रत्येक खोली चारही कोपऱ्यांतून घ्या. दार, खांब, देवळ्या समोरून, सरळ उभं राहून घ्या. पडद्यावरच्या ग्रिडच्या रेघा चालू करा म्हणजे खांब तिरके येणार नाहीत. बळद, जातं, उखळ, कोनाडे, न्हाणी, दाराच्या चौकटीवर मुलांच्या उंचीच्या खुणा असतील तर त्या, काही सोडू नका. शेजारी माणूस उभा करा, उंची कळते. आणि त्या घरात नांदलेल्या बाईला बरोबर घेऊन फिरा. ती कुठे थांबते, कशावर हात ठेवते, काय सांगते, तिथे फोटो घ्या आणि फोनवर तिचा आवाजही रेकॉर्ड करा. कुठल्या खोलीत कोण जन्मलं हे भिंतीच्या फोटोवरून कळत नाही.

परवानगी

घर आपलं असलं तरी माणसं आपल्या मालकीची नसतात. न्हाणीकडे, कपडे बदलणाऱ्यांकडे, अंगावर दूध पाजणाऱ्या बाईकडे कॅमेरा नको. उघडी लहान मुलं कितीही गोड दिसली तरी ते फोटो घराबाहेर, विशेषतः व्हॉट्सअॅपवर, जाता कामा नयेत. दुःखाच्या घरी विचारल्याशिवाय फोन बाहेर काढू नका. शेतमजूर, सालगडी, शेजारच्या वस्तीवरची माणसं यांचे फोटो काढताना एक कसोटी लावा: याच अवस्थेत आपल्या आईचा फोटो काढून दहा जणांना पाठवला असता का? नसता, तर काढू नका. नाही म्हटलं तर नाही, आणि पुन्हा गळ घालायची नाही. काढला तर एक प्रिंट त्यांच्या हातात द्यायचीच, ही उधारी ठेवू नका. फोनमधलं लोकेशन बंद ठेवा, नाहीतर फोटोबरोबर घराचा पत्ताही जातो.

कॅमेरा कधी घ्यावा

वर्षभर फोनवर काढल्यावर तुम्हाला नेमकं काय अडतं ते कळेल. अंधारात हलणारी माणसं, लांबचे पक्षी, की आणखी काही. त्यानंतरच सेकंडहँड कॅमेरा पाहा. निकॉन किंवा कॅननची साधी डीएसएलआर, सोबत येणारी १८-५५ आणि पुढे जमलं तर ५० एमएम एफ १.८ ही भिंगं. माळवदाच्या खोलीत हे दुसरं भिंग जेवढं कामाला येतं तेवढं महागडं झूम येत नाही. घेताना शटर किती वेळा पडलं आहे ते विचारा आणि भिंगातून दिव्याकडे पाहा. आत कोळ्याच्या जाळ्यासारखं दिसलं तर ती बुरशी आहे, घेऊ नका.

बुरशी आपल्याकडे पावसाळ्यात धरते. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून त्यात कॅमेरा ठेवा. गोठ्यात आणि मळणीच्या वेळी भिंग बदलू नका, धूळ आत बसते. फोनवाल्यांसाठी: आधी भिंग पुसा. पीठ, तेल, कडब्याची धूळ लागलेला हात फोनच्या पाठीवरून फिरतो आणि मग फोटो धुरकट आला म्हणून आपण कंपनीला नावं ठेवतो. मे महिन्यात फोन उन्हात बांधावर ठेवू नका.

रोज संध्याकाळी वाईट फोटो उडवा. एकाच भाकरीचे चाळीस ठेवले तर पुढे कुणीच पाहणार नाही, दोन ठेवा. महिन्याला एकदा सगळं हार्ड डिस्कवर किंवा पेन ड्राइव्हवर घ्या आणि आणखी एक प्रत दुसऱ्या घरी, पुण्या-मुंबईला असलेल्या भावाबहिणीकडे, ठेवा. व्हॉट्सअॅपवर साधा फोटो पाठवला की तो आक्रसतो, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. काम बरं जमलं तर पी. साईनाथ यांनी २०१४ मध्ये सुरू केलेला ‘परी’ हा ग्रामीण भारताचा संग्रह पाहा. मराठीतही वाचता येतो, आणि देशातल्या जिल्ह्याजिल्ह्यांतले, तालुक्यातालुक्यांतले चेहरे गोळा करण्याचा त्यांचा उपक्रमही आहे.

आणि प्रिंट काढा. फोन पाण्यात पडतो, चोरीला जातो, बदलतो. तालुक्याच्या किंवा लातूरच्या स्टुडिओत चार बाय सहाची प्रिंट फार महाग पडत नाही. दर दिवाळीला वर्षातले निवडक फोटो छापून एका डब्यात ठेवा. प्रत्येकाच्या मागे माणसांची पूर्ण नावं, नातं, जागा आणि महिना-साल लिहा. “आजी” एवढंच लिहून चालणार नाही, तीस वर्षांनी कुणाची आजी हे कोण सांगणार? बॉलपेन वापरू नका, दाब पुढच्या बाजूला उमटतो. हल्लीच्या प्लास्टिकचा थर असलेल्या कागदावर पेन्सिलही नीट उठत नाही. बारीक टोकाचा परमनंट मार्कर घ्या, कडेला लिहा आणि शाई सुकेपर्यंत फोटो एकावर एक ठेवू नका.